दवाखान्यातून विधानभवनात जायचं असेल, तर आधी खुर्चीवर कुणालातरी बसवा

मी बावीस वर्षं कंपाउंडर होतो. पुड्या बांधल्या, ड्रेसिंग केलं, सलाईन लावलं. रात्री दोनला दार वाजलं की डॉक्टरांच्या आधी मी उठायचो. पुढे डॉक्टर आमदार झाले आणि मी त्यांचा पीए झालो. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही आणि डॉक्टरांचंही नाही, त्यांना आवडायचं नाही. आता आजूबाजूच्या तालुक्यांतले डॉक्टर मला फोन करतात. "भाऊ, यंदा उभं राहाव म्हन्तो, काय काय लागते?" दर वेळी तासभर बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढतो. नर्सबाई, फार्मासिस्ट, लॅबवाले, आयुर्वेदवाले, सगळ्यांना यातलं बरंचसं लागू पडेल.

आपण पहिलेच आहोत असं समजू नका. नागपूरचे डॉ. ना. भा. खरे १९३७ साली मध्य प्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री झाले (तेव्हा त्या खुर्चीला पंतप्रधान म्हणत) आणि वर्षभरातच पक्षश्रेष्ठींशी बिनसून पायउतार झाले. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर १९५२ साली दिल्लीच्या विधानसभेत गेल्या, तिथं आरोग्यमंत्री झाल्या, अध्यक्ष झाल्या, पुढे केंद्रातही आरोग्यमंत्री झाल्या. पण आमच्याकडच्या माणसाला त्या माहीत आहेत त्या १९६९ साली सेवाग्रामला काढलेल्या मेडिकल कॉलेजमुळे. काटोलचे श्रीकांत जिचकार एमबीबीएस, एमडी होते. ते १९८० साली ऐन पंचविशीत आमदार झाले. भाऊसाहेबांना, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांना, मात्र या यादीत घालू नका. ते डॉक्टर वेदवाङ्मयाचे होते, सुईचे नव्हते. एका प्रचारसभेत आमच्याच एका वक्त्यानं ही चूक केली होती आणि मागच्या रांगेतल्या मास्तरांनी ती भर सभेत दुरुस्त केली.

आता मुद्द्याचं.

पहिल्या निवडणुकीत आम्ही पडलो. चांगलेच पडलो. ज्या गावांत डॉक्टरांनी रात्री-बेरात्री बाळंतपणं केली, तिथंच मतं कमी. निकालानंतर आठवडाभर डॉक्टर कुणाशी बोलले नाहीत. मग एक दिवस एक म्हातारी ओपीडीत आली, कनवटीचे चाळीस रुपये काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "मत दुसऱ्याले देल्लं जी, पन तुमची उधारी ठेवाची नाही मले." डॉक्टरांनी विचारलं, "काहून वं मावशी, माह्यं काय चुकलं?" ती म्हणे, "चुकलं काही नाही. तुमी मुंबईले गेले, त आमाले रातच्याले सुई कोन टोचन?"

राजकारणातल्या जाणत्यांनी आम्हाला जात सांगितली होती, पैसा सांगितला होता, पक्षातली बंडखोरी सांगितली होती. हे कुणीच सांगितलं नव्हतं. चांगल्या डॉक्टरला माणसं मत देत नाहीत, कारण तो हातचा जाईल. म्हणून माझा पहिला सल्ला तिकिटाचा नाही, दवाखान्याचा आहे. निवडणुकीच्या किमान दोन वर्षं आधी तुमच्या खुर्चीवर दुसरा डॉक्टर बसवा आणि गावाला त्याची सवय लावा. आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई आल्या. पहिले सहा महिने बायका दारातूनच विचारायच्या, "मोठे सायेब आहेत का?" नाही म्हटलं की माघारी. डॉक्टरांनी मग मुद्दाम मंगळवार आणि शुक्रवार घरी बसायला सुरुवात केली. घरात बसून त्यांची तडफड व्हायची. खिडकीतून रांग मोजायचे. दीड वर्षात बायका "मोठे सायेब" सोडून "बाई आहेत का?" विचारायला लागल्या. मी डॉक्टरांना म्हटलं, आता फॉर्म भरा.

कागद, आणि त्यात एक खड्डा

वय पंचवीस पूर्ण पाहिजे, राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव पाहिजे. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते त्याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत. शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका. लागू नसेल तर 'निरंक' लिहा. निवडणूक खर्चाचं बँक खातं वेगळं, तेही फॉर्म भरायच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं. हे सगळं वकील करून देतो.

खड्डा आहे तो सरकारी नोकरीवाल्यांसाठी. वैद्यकीय अधिकारी असाल, सिस्टर असाल, तर नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण राजीनामा दिला म्हणजे सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. छाननीच्या टेबलावर राजीनामा *मंजूर* झाल्याचा कागद लागतो. शेजारच्या तालुक्यातले एक डॉक्टर, बँड लावून फॉर्म भरायला गेले होते. राजीनाम्याची फाईल वरच्या ऑफिसात कुणाच्या तरी टेबलावर पडून होती. छाननीत फॉर्म उडाला. नोकरीही गेली आणि उमेदवारीही. बँडवाल्याचं बिल तेवढं आलं. सहा-आठ महिने आधी राजीनामा द्या आणि मंजुरीच्या आदेशाची प्रत हातात पडेपर्यंत कुणाला पेढा देऊ नका.

ओपीडीचं रजिस्टर

डॉक्टर उमेदवाराकडे एक गोष्ट असते जी ठेकेदार उमेदवाराकडे नसते. त्याच्याकडे वर्षानुवर्षांची रजिस्टरं असतात. पण ती वापरायची कशी, यात बहुतेक जण घसरतात.

पक्षाचा एक पोरगा आला होता लॅपटॉप घेऊन. "पेशंटची नावं न् मोबाईल नंबर द्या, रोज मेसेज टाकू." डॉक्टरांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. कुणाला गुप्तरोग, कुणाला टीबी, कोण कुणाला न सांगता आली, हे सगळं त्या कपाटात. ती किल्ली अजून माझ्याकडे आहे. पेशंटचं नाव प्रचारात वापरायचं नाही. शेजारी बसलेल्याला "हा माझाच पेशंट" असं सभेत सांगायचंही नाही. हे कितीही भाबडं वाटलं तरी पाळा.

नावं झाकून गाव बघा. मी एका जाड वहीत गाववार आकडे काढले होते. कोणत्या गावातून पावसाळ्यात जुलाब येतात, कुठून पोरं पिवळे डाग पडलेले दात घेऊन येतात (ते फ्लोराईडचं पाणी, टूथपेस्टनं जात नाही), कोणत्या पाड्यावरून साप चावलेला माणूस पोचायला तीन तास लागतात. प्रचारात डॉक्टर त्या गावात गेले की मी कानात दोन वाक्यं सांगायचो. भाषण तेवढ्यावर व्हायचं. "तुमच्या गावाची बोअर बदलायला पाहिजे" असं कुणी उमेदवार म्हणत नाही. सगळे म्हणतात विकास करू.

त्या वहीनं आम्हालाही एक गोष्ट शिकवली. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं दगावली. तेव्हा आमच्या ओपीडीतही रोज दोन-चार यायचे. अंग घामानं चिंब, तोंडातून लाळ, डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. अॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) द्यायचं आणि यवतमाळला रवाना करायचं. डॉक्टर प्रत्येकाला विचारायचे, कोणतं औषध मारलं, किती वाजता, जेवला होतास का. मी सगळं लिहायचो. पुढे कधीतरी ती पानं चाळताना डॉक्टर थांबले. म्हणाले, "आपन एक गोष्ट विचारलीच नाही. शेत कोनाचं होतं?" बरेचसे मजूर होते. दुसऱ्याच्या शेतात, रोजंदारीवर, पाठीला पंप. शेतकऱ्याच्या अपघाताची मदत सातबाऱ्याच्या आधारानं मिळते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्यानं काय दाखवायचं? दवाखान्यात हा प्रश्न पडत नाही, कारण अॅट्रोपिन दोघांनाही सारखंच लागतं. आमदाराला मात्र हाच प्रश्न पडायला पाहिजे. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढवला. तुम्ही आजच वाढवा, निवडणूक लढवा न लढवा.

पैसा

खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख आहे. त्यात चहा, वडा, मंडप, गाडी, सगळं येतं, आणि प्रत्येकाचा दर जिल्हा प्रशासन ठरवतं. तुम्ही चहा फुकट आणला तरी यादीतल्या दरानं तो तुमच्या नावावर चढतो. एकाच माणसाला १० हजारांच्या वर द्यायचं असेल तर चेकनं. निवडणूक आयोगाच्या निरीक्षकांचे लोक तुमच्या सभांचे व्हिडिओ काढतात, खुर्च्या मोजतात आणि स्वतःची वेगळी वही ठेवतात. तुमच्या वहीशी ती जुळली नाही की नोटीस. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा. दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते, आणि हे हरलेल्यालाही लागू आहे. हरलेला माणूस हेच नेमकं विसरतो. मी आमच्या पराभवानंतर सुतकी चेहऱ्यानं पावत्या चिकटवत बसलो होतो.

उधारीच्या वहीचं काय करायचं, हा आमच्याकडे मोठा वाद झाला. कार्यकर्ते म्हणाले, "सायेब, भर सभेत वही फाडून टाका, पब्लिक उचलून घेईन तुमाले." वकील खुर्चीतून उठलेच. निवडणुकीत मतदाराचं कर्ज माफ करणं म्हणजे आमिषच. तेच मोफत शिबिराचं. वर्षभर घ्या, पण आचारसंहिता लागली की बॅनर उतरवा. पेशंट आला तर तपासा, औषध द्या, नेहमीची फी घ्या. टेबलावरचं पक्षाचं चिन्हसुद्धा आम्ही ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

मतदानाच्या दिवसाबद्दल एवढंच सांगतो. प्रत्येक बूथवरचा तुमचा एजंट सकाळी मॉक पोलला (यंत्रावरच्या चाचणी मतदानाला) हजर पाहिजे आणि संध्याकाळी १७-सी फॉर्मची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या हिशोबाची, प्रत घेतल्याशिवाय उठायला नको. बाकी त्या दिवशी तुमच्या हातात काही नसतं. डॉक्टरांनी त्या दुपारी चार वर्षं पडून असलेलं स्टेथोस्कोपचं नळीचं काम केलं.

डॉक्टरचा शब्द आणि आमदाराचा शब्द

निवडून आल्यावर डॉक्टर लोकांना सगळ्यात जड काय जातं, ते सांगतो. दवाखान्यात त्यांनी "सलाईन लाव" म्हटलं की मी लावतो. आमदार झाल्यावर ते "डॉक्टर द्या" म्हणतात आणि पत्र पुढे जातं. त्यावर शेरा पडतो, 'उचित कार्यवाहीस्तव'. ते आणखी पुढे जातं. तीन महिन्यांनी उत्तर येतं की आपलं पत्र अमुक कार्यालयाकडे पाठवलं आहे. पहिल्या वर्षी डॉक्टरांचं बीपी वाढलं, मी स्वतः मोजलं आहे.

म्हणून आधी कोणत्या कुलपाची किल्ली कुणाकडे, ते पाठ करा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथं जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनकडे. मेडिकल कॉलेजचं खातंच वेगळं, वैद्यकीय शिक्षण. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासकडे, फ्लोराईडचं पाणी पाणीपुरवठ्याकडे, आणि दवाखान्याकडे जाणारा वाहून गेलेला रपटा (ओढ्यावरचा ठेंगणा पूल) बांधकाम खात्याकडे. कुपोषित पोर एकच असतं, पण त्याच्यासाठी मुंबईत चार मजले चढावे लागतात.

आमदार निधी सध्या वर्षाला ५ कोटी आहे. ऐकायला खूप वाटतं. त्यातून खोली बांधता येते, गाडी येते, पण पगार देता येत नाही. आमच्या आधी कुणीतरी दिलेली एक रुग्णवाहिका ड्रायव्हरअभावी उभी होती, आणि तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली होती. गाडी देण्याआधी ड्रायव्हर आणि डिझेल कुणाच्या हिशोबातून, हे लेखी घ्या. नसेल तर फोटो काढून घेण्याचा मोह आवरा.

आता सभागृह. डॉक्टरांनी पहिलं भाषण केलं ते मेडिकल कॉलेजात लेक्चर द्यावं तसं. कारणं, लक्षणं, निदान. उपचारावर यायच्या आत बेल वाजली. प्रेक्षक गॅलरीत माझ्या शेजारी बसलेले एक जुने पीए हळूच म्हणाले, "तुमच्या साहेबांना तारांकित प्रश्न लिहायला शिकवा. भाषण राहू द्या."

तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो प्रश्न. तो लिहायला त्यांनीच मला शिकवलं. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. 'अमुक हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, काय आढळून आले. त्यानुसार कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' तुम्ही 'तालुक्यातील आरोग्यसेवा ढासळली आहे हे खरे आहे काय' असं लिहिलं, तर उत्तर येतं 'हे खरे नाही', आणि खालच्या सगळ्या ओळींना 'प्रश्न उद्भवत नाही'. संपलं. केसपेपरवर 'तब्येत बरी नाही' लिहिण्यासारखं ते झालं. आम्ही पुढच्या वेळी लिहिलं की उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं पद अमुक तारखेपासून रिक्त आहे, त्यामुळे सिझेरियनच्या मातांना यवतमाळला पाठवावं लागतं, गेल्या बारा महिन्यांत इतक्या माता पाठवल्या, हे खरे आहे काय. आकडा आम्ही माहितीच्या अधिकारात आधीच काढून ठेवला होता. उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे.'

डॉक्टर नाराज झाले, मी मात्र खूश. 'अंशतः' म्हणजे दार किलकिलं झालं. आणखी एक युक्ती. 'पद भरलेले आहे काय' असं कधी विचारू नका. कागदावर माणूस असतो, पण प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या गावी बसलेला असतो. 'या पदावरील अधिकारी प्रत्यक्षात कुठे काम करतो' असं विचारा.

सगळे प्रश्न स्वीकारले जात नाहीत, स्वीकारलेल्यांतलेही थोडेच सभागृहात बोलायला येतात. तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना लावायची, त्यावर मंत्र्यांना निवेदन करावं लागतं. मंत्री सभागृहात "करू" म्हणाले की तो शब्द त्याच दिवशी तारखेसकट लिहून ठेवा. अशा शब्दांचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते आणि नवे आमदार तिचं नाव क्वचितच घेतात. समित्यांमध्ये जायला मिळालं तर पंचायत राज समिती मागा. तिचा दौरा लागला की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत लाईट चालू असतात, आणि बंद पडलेली लसींची शीतपेटीसुद्धा दुरुस्त होते. आमच्या भूलतज्ज्ञाचं आठ महिन्यांनी झालं. आठवड्यातून दोन दिवस येतात. बुधवार आणि शनिवार. बाळंतपणं काही वार बघून होत नाहीत, पण शून्यावरून दोनावर आलो.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन विदर्भातल्या आमदाराला दमवतं. आमदार निवासात पहाटेपासून मतदारसंघातली माणसं. कुणाला मेडिकलला बेड पाहिजे, कुणाला मेयोत रक्त (ही दोन्ही नागपूरची सरकारी रुग्णालयं), कुणाला वर्ध्याजवळच्या सावंगीच्या खाजगी रुग्णालयाचं बिल कमी करून, कुणाला मुख्यमंत्री सहायता निधीचा फॉर्म. सोबत संत्र्याची पिशवी असतेच. त्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा, ज्याला आधारकार्ड, रेशनकार्ड आणि खर्चाचं अंदाजपत्रक यांतलं काय कमी आहे ते एका नजरेत कळतं. त्याला राजकारण आलं नाही तरी चालेल. आणि आशाताईंचा किंवा कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांचा मोर्चा आला तर त्यांना आत बोलावण्यापेक्षा मोर्चाच्या ठिकाणी जाऊन निवेदन घ्या. आमचे डॉक्टर गेले तेव्हा एका आशाताईनं निवेदनाआधी ब्लाऊजच्या खिशातून पोराचा रिपोर्ट काढला. सिकलसेलचा होता, रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. डॉक्टरांनी रस्त्यावरच खाली बसून तो वाचला, मागे पोलिसांच्या शिट्ट्या चालू होत्या.

प्रॅक्टिसचं विचाराल, तर रविवारी सकाळी दोन तास डॉक्टर अजून बसतात, डॉक्टरीणबाईंच्या शेजारच्या छोट्या खोलीत. पाटी लावली आहे, 'येथे बदली, टेंडर व तिकीट यांवर उपचार होत नाहीत.' तरी दहातले चार जण पोट दुखते म्हणून आत जातात आणि बदलीचा अर्ज काढतात. मी दारात बसतो. पोट खरंच दुखतंय का, हे मला बावीस वर्षांच्या सरावानं चालण्यावरून कळतं. ज्याचं दुखत नाही, त्याचा नंबर मी शेवटचा लावतो.